फुलपँट घालून आलेली मुलगी

शाळेच्या गेटवर उभं राहायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं होतं. बाकीचे शिक्षक ते टाळायचे. परिपाठाच्या आधी अर्धा तास उभं राहायचं, मुलींच्या वेण्या, रिबिनी, ओढणीच्या पिना बघायच्या, मुलांचे केस आणि खोचलेले शर्ट बघायचे आणि वर्षभर सगळ्यांच्या नजरेत वाईट व्हायचं, हे कोणाला हवं असणार? मला चालत होतं. शाळेच्या शिस्तीचा कागद मीच लिहिला होता. ‘इयत्ता आठवी ते दहावीच्या मुलींनी शाळेच्या रंगाचा सलवार-कुर्ता घालावा व ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून घ्यावी.’ हे वाक्य माझं. मुख्याध्यापकांनी त्यात एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता आणि तेव्हा मला त्याचा आनंद झाला होता.

आमची शाळा दारव्ह्यापासून अर्ध्या तासावरच्या एका मोठ्या गावात आहे. मी दारव्ह्यात राहते आणि काळीपिवळी जीपने रोज जाते-येते. आजूबाजूच्या खेड्यांतून आणि दोन बंजारा तांड्यांवरून मुलं येतात. त्यातल्या लांबच्या तांड्यावरून नववीतली एक मुलगी सायकलने यायची. सहा किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता गिट्टीचा. मी तिची वर्गशिक्षिका होते आणि विज्ञान शिकवायचे. मुलगी हुशार म्हणावी अशी नव्हती. पण प्रयोगाच्या वेळी पुढे येऊन उभी राहायची आणि जे दिसलं तेच वहीत लिहायची. बाकीच्या मुली पुस्तकात असेल ते लिहायच्या.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती फुलपँट घालून आली. पँट भावाची असावी, पायापाशी दोनदा दुमडलेली होती. वर शाळेचाच कुर्ता. ओढणी नव्हती.

मी तिला बाजूला घेतलं.

“हे काय?”

“पँट हाय मॅडम.”

“ते दिसतंय मला. ओढणी कुठं आहे?”

“चाकात गेलती शुक्रवारी. पडली मी.” तिने कोपर वर केलं. खरचटलेल्या जागी हळद वाळून बसली होती.

“मग नीट पिना लावायच्या ना. सगळ्या लावतात.”

“पिना लावल्याच होत्या मॅडम. म्हणून त गळ्याले हिसका बसला. पिना नसत्या त नुसती ओढणी गेली असती.”

हे तिने उलट उत्तर म्हणून सांगितलं नव्हतं. वहीत लिहावं तसं, झालं ते सांगितलं होतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला एवढं कळायला हवं होतं. पण मागे पाच-सहा मुली सायकली धरून ऐकत उभ्या होत्या. मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा आहे, उद्या आणखी कोणी काहीतरी घालून येईल.

तिने माझ्या साडीकडे बघितलं. मग म्हणाली, “तुमी बी त बदलता मॅडम. डरेस घालून येता आन लॅबच्या मांगं साडी नेसता. जीपमधी साडी जमत नाही म्हणून. मंग मले सायकलवर कसं जमन?”

मागच्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या.

खरं होतं ते. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात जुन्या मुख्याध्यापकांनी सहज बोलावं तसं सांगितलं होतं, “मॅडम, साडी बरी दिसते शाळेत.” लेखी काही नव्हतं. पण शाळेतल्या चारही बायका साडी नेसून येत होत्या आणि मी पाचवी होते. जीपमध्ये चौघांच्या सीटवर सहा जण बसतात. कोणाचा गुडघा, कोणाची पिशवी, कोणाची कोंबडी. दोन वेळा माझा पदर दारात अडकून फाटला. तेव्हापासून मी सलवार-कुर्त्यात यायची आणि प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत साडी नेसायची. परीक्षानळ्यांच्या खोक्यांमध्ये, कडी नसलेल्या दाराला स्टूल लावून. अकरा वर्षं. मला वाटायचं, कोणाला माहीत नाही.

“घरी जा,” मी म्हणाले. “नीट कपडे घालून येशील तेव्हाच वर्गात बसायचं.”

तिने सायकल वळवली, गेटबाहेर नेली आणि टांग टाकून निघून गेली. पँटीमुळे किती सहज बसली सीटवर, हे त्या रागातही माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हजेरी घेताना तिच्या नावापुढे ‘गै’ लिहिताना माझा हात थांबायचा. शनिवार गेला, सोमवार गेला. तांड्यावरच्या दुसऱ्या मुलींना विचारलं तर एकजण म्हणाली, “तिचे बाबा म्हणते, शाळा नाही त कापूस वेचाले चाल.” वेचणीचा हंगाम जोरात होता. त्या दिवसांत तसंही वर्ग अर्धे रिकामे असायचे, त्यामुळे शाळेत कोणालाच तिचं न येणं खटकलं नाही. मला मात्र चैन पडेना. जीपमध्ये बसले की तिचं वाक्य आठवायचं. साडी नेसताना निऱ्या चुकायच्या. फळ्यावर लिहिता लिहिता वाक्य अर्धवट सोडून मी खिडकीतून गेटकडे बघायची आणि मग मुलं सांगायची, मॅडम, पुढं.

मी स्वतःला समजावत होते. नियम केला तो काही मुलींना छळायला नव्हता. माझं शिक्षण घाटंजीला झालं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आमची वस्ती गावाच्या कडेला, बुद्धविहाराच्या मागे. सणावाराला वर्गातल्या मुली रंगीत फ्रॉक घालून यायच्या तेव्हा कोण कुठल्या आळीतलं, ते लांबून ओळखू यायचं. युनिफॉर्मच्या दिवशी येत नसे. आई पितळी लोट्यात निखारे घालून माझ्या स्कर्टच्या चुण्या बसवायची, एकेक चुणी बोटाने धरून. वडील निघताना बघायचे आणि म्हणायचे, “आता कोनी बोट नाही दाखवू शकत.” पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट घालून मी रांगेत उभी राहायची आणि त्या रांगेत मी कोणाची आहे ते दिसायचं नाही. म्हणून मी गणवेशाच्या बाजूची होते. अजूनही आहे. पण ही सगळी माझी बाजू मी मनात मांडत असताना मला हेही कळत होतं, की त्या दिवशी गेटवर यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. मुली हसल्या, म्हणून मी तिला घरी पाठवलं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी मी साडी न बदलताच जीपमध्ये बसले आणि तांड्याच्या फाट्यावर उतरले. तिथून पायी. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मध्ये तुरीच्या ओळी. गिट्टीवर चपला सरकत होत्या आणि निऱ्या एका हाताने वर धरून चालावं लागत होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात मुलीची आजी बसली होती. तिच्या अंगावर जुना वेश होता, घेरदार घागरा, आरसे लावलेली काचोळी, दंडापर्यंत बांगड्या. त्या तांड्यात असा वेश आता दोन-तीन म्हाताऱ्याच घालतात. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“तूच का ते गेटवाली बाई?”

“हो,” मी म्हणाले.

“बस.” तिने नातवंडांपैकी एका चिमुरडीला त्यांच्या गोरबोलीत काहीतरी सांगून शेतात पिटाळलं आणि मला पाणी दिलं. मी म्हणाले, तुम्हाला राग आला असेल. ती म्हणाली, “मले कायले राग? माह्या सासूनं मले हे घालाले लावलं. मंग लेक मोठा झाला, तो म्हने याडी, माय, हे काढ, बजारात लोक पायते. मी नाही काढलं. सुनेनं काढलं, ते साडी नेसते. आता तू पोरीले म्हनते हे घाल, ते नको घालू. जो तो सांगतेच.” मग बांगड्या वर सारत म्हणाली, “तिले कोनी इचारलं नाही, एवढंच.”

तेवढ्यात मुलीचे वडील आले. खुर्ची आणून मला त्यावर बसवलं, स्वतः उभे राहिले. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, “मॅडम, तुमी घरी पाठवलं त लय बरं झालं जी. मी बी हेच म्हनत होतो. तांड्यात लोकं नाव ठेवून राह्यले, पोट्टी पँट घालून हिंडते म्हनून. मी तिले सांगतलं, मॅडमच म्हनते त आता माहं ऐक.”

ते मनापासून बोलत होते. त्यांना वाटत होतं, मी त्यांचीच बाजू सांगायला एवढ्या लांब चालत आले. मी काहीतरी पुटपुटले, की शाळा बुडायला नको. ते म्हणाले, “शाळा काय, तिच्यासंगं कोनी सोबत असन त जाईन. एकटी पोट्टी सायकलवर, त्यात असे कपडे. तुमीच सांगा.”

मुलगी आली ती कमरेला बांधलेल्या कापडात कापूस घेऊन. मला बघून थबकली. मी खुर्चीतून उठले आणि तिच्या वडिलांसमोर, आजीसमोर म्हणाले, “माझं चुकलं. तुझं पिनांचं बरोबर होतं. मी नियमासाठी नाही पाठवलं तुला. मी चिडले होते.”

“मले माहीत हाय,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात ना राग होता ना समाधान. मी विचारलं, “सोमवारी येशील?”

“पँट घालून?”

मला हो म्हणता आलं नाही. मी म्हणाले, “सरांशी बोलते.”

“मंग बोलून सांगा,” ती म्हणाली आणि कापूस ओतायला आत गेली. वडील माझ्याकडे बघत राहिले. मी कोणत्या बाजूची, ते त्यांना आता कळेना. मी चहा घेऊन निघाले.

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग टेबलाच्या काचेखालचा शिस्तीचा कागद माझ्याकडे फिरवला.

“मॅडम, हा तुम्हीच लिहिला ना?”

“हो सर. चुकीचा लिहिला.”

“आज फुलपँट, उद्या जीन्स, परवा आणखी काही. कोणाकोणाला उत्तर द्यायचं मी? पालकसभेत ठेवू. सगळे म्हणतील तसं.”

पालकसभा झाली. पुढच्या खुर्च्यांवर बाप बसले होते, मागच्या सतरंजीवर आया. मी विषय मांडला तेव्हा पुढून आवाज येऊ लागले. मुली आहेत, मुलींसारख्या राहिल्या पाहिजेत. शाळेचं नाव खराब होते. आमच्या काळात काय सायकली नव्हत्या काय. एकाने शांतपणे विचारलं, “मॅडम, तुमच्या घरी चालन का?” मला मुलगी नाही. मी तेच सांगितलं, आणि ते सांगताना मला वाटलं की मी हरले.

मग मागून एक बाई उभी राहिली. त्या मुलीची आई नव्हती, दुसऱ्या खेड्यातली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “सायकल सरकारनं देल्ली. मंग सायकलवर बसाचे कपडे कोन सांगन? माही पोरगी बी पडलीती. तिनं घरी सांगतलं नाही, म्या पाह्यलं आंग धुताना.” ती खाली बसली.

शेवटी तोडगा मुख्याध्यापकांनी काढला. सायकलने येणाऱ्या मुलींनी रस्त्याने पँट घालावी आणि शाळेत आल्यावर गणवेश बदलावा. सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या खुर्च्यांवरच्या बापांनीही, त्यात तिचे वडीलही होते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला धड कडी नव्हती, म्हणून कुठे बदलायचं हा प्रश्न आला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

अशा रीतीने ती मुलगी परत आली. सायकलने येणाऱ्या बाकीच्या मुली अजून सलवारीतच यायच्या. सकाळी मी सामानाच्या खोलीत साडी नेसायची, ती पिशवी घेऊन बाहेर उभी असायची. मी बाहेर आले की ती आत जायची. स्टूल तेच. मी तिच्यासाठी दार बाहेरून धरून ठेवायची, कारण ते स्टूल सरकायचं. तिला जे मिळालं होतं ते इतकंच होतं, जे मी अकरा वर्षं निमूट करत आले होते. ते मी तिला मिळवून दिलं, असं शाळेत सगळे म्हणत होते. एका सहकारी बाईंनी तर माझं अभिनंदन केलं.

जानेवारीत एक दिवस मी साडी पिशवीतून काढलीच नाही. जीपमधल्या कुर्त्यातच वर्गावर गेले. कोणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशीही तशीच गेले. दुपारच्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, संस्थेच्या सचिवांचा फोन आला होता. लेखी देणार नाहीत, पण समज द्यायला सांगितली आहे. “तुम्ही चांगलं काम करता मॅडम. कशाला उगाच.” मी नोकरीत कायम होते, साडी न नेसल्याने मला कोणी काढून टाकणार नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशी मी साडी नेसले. का नेसले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती नव्हती. सकाळी पिशवीत साडी आपोआप गेली आणि त्या खोलीत हात आपोआप चालू लागले. बाहेर आले तेव्हा ती उभी होती. तिने माझ्या साडीकडे बघितलं आणि आत गेली.

नववी पास झाल्यावर तिचे वडील दाखला न्यायला आले. फुलसावंगीला तिच्या मावशीकडे ठेवणार होते, तिथून शाळा जवळ होती, सायकल लागणार नव्हती. मी म्हणाले, दहावी इथेच करू द्या. ते म्हणाले, “तिनंच म्हनलं जी.” दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यात मी ‘उत्तम’ लिहिलं.

त्याच जूनमध्ये नियम बदलला. सचिवांची नात पुण्याहून गावी राहायला आली आणि आमच्या आठवीत दाखल झाली. तिने सलवार-ओढणी घालायला साफ नकार दिला. आठवडाभरात नवा कागद निघाला. मुलींना सलवार किंवा फुलपँट, दोन्ही चालेल. सभा नाही, चर्चा नाही. गावातली माणसं मला सांगू लागली, मॅडम, तुमच्यामुळे झालं. मी आधी दुरुस्त करायची, मग सोडून दिलं.

मागच्या उन्हाळ्यात दारव्ह्याच्या जीपस्टँडवर ती भेटली. आठवडी बाजाराचा दिवस होता. आता अकरावीत. तिने हिरवा सलवार-कुर्ता घातला होता, ओढणी गळ्यात सैल सोडलेली. माझ्या मनात जे आलं ते मी बोलून गेले, “अगं, आता पँट नाही?”

ती हसली. “तवा सायकल होती मॅडम. मले हे आवडते.”

मग नर्सिंगला जायचं म्हणाली, मार्क कमी आहेत म्हणाली, आणि जीप भरली तशी मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये जागा करून बसली. मी इतके दिवस तिच्या बाजूने ज्या मोठ्या गोष्टीसाठी मनातल्या मनात भांडत होते, ती तिची कधी नव्हतीच. तिला फक्त शाळेत पोचायचं होतं.

गेटवरची ड्यूटी अजून माझ्याकडेच आहे. मी सोडते म्हटलं तर कोणी घ्यायला तयार नाही. आता मी कमी अडवते. कधी कधी अजिबात नाही. गेल्या आठवड्यात एक आई मुद्दाम शाळा भरायच्या वेळी येऊन गेटपाशी थांबली. तिची मुलगी दहावीत आहे, तिने केसांच्या पुढच्या बटांना तांबडा रंग लावला आहे. मी ते बघितलं होतं आणि जाऊ दिलं होतं.

“तुमी काहून अडवलं नाही मॅडम?” ती म्हणाली. “घरी माहं ऐकत नाही. तिचा बाप गेल्यापासून कोनाचंच ऐकत नाही. तुमी बोलल्या असत्या त ऐकलं असतं. शाळेचा तरी धाक पायजे ना जी.”

मी तिला म्हणाले, बोलते मी तिच्याशी. काय बोलणार, ते मला ठरवता आलं नव्हतं. परिपाठाची घंटा झाली. ती बाई तिथेच उभी राहिली, मी आत जाते की मुलीला बोलावते ते बघत, आणि मी गेटची एक बाजू लोटली आणि दुसरी तशीच हातात धरून थांबले.